पैशाचा धडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर

(उचगाव येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला बोलवताना संयोजकांनी विषय दिला होता, 'तरुणांसाठी आर्थिक साक्षरता'. मी त्यात एक बदल मागून घेतला. बचत कशी करावी, खर्चाची वही कशी ठेवावी, हे सांगणारे व्हिडिओ तुमच्या मोबाइलवर रोज येतात. त्यासाठी उन्हातून इथवर यायची गरज नव्हती. मला बोलायचंय ते हे शिकवायची जबाबदारी कुणाची, यावर. माझं म्हणणं आहे की ती आपल्या ग्रामपंचायतीचीही आहे आणि आपण ती तिच्याकडे कधी मागितलेलीच नाही.

आधी माझी एक चूक सांगतो. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पैशाचे व्यवहार करणारी ॲप बनवणं हे माझं रोजचं काम. काही वर्षांपूर्वी ईदला गावी आलो होतो. माझी खाला मोबाइल घेऊन जवळ बसली. खालू फाउंड्रीतून निवृत्त झाले होते, पीएफचे पैसे हातात आले होते. कुणा ओळखीच्या माणसानं एक योजना सांगितली होती. महिन्याला 8 टक्के, आणि हे व्याज नाही हं, धंद्यातला नफा आहे, एकदम हलाल, असं. खाला म्हणाली, "बेटा, तू यातला आहेस, बघ जरा." मी ॲप उघडलं. ओटीपी वेळेवर आला, पडदे झटपट उघडत होते, आलेख सुंदर होता. मी म्हणालो, "ॲप चांगलं बनवलंय."

मी ॲपबद्दल बोललो होतो. तिनं ते योजनेबद्दल ऐकलं. 3 लाख भरले. सहा महिने पैसे आले, मग ॲप उघडेना. तक्रार द्यायला गेलो तेव्हा आमच्याकडे कागद म्हणून काय होतं? स्क्रीनशॉट.

खालानं मला आजवर एका शब्दानं बोल लावलेला नाही. त्यामुळे ते जास्त लागतं.

तेव्हा मी जे गणित करायला हवं होतं, ते नंतर केलं. महिना 8 टक्के नफा मिळतो आणि तो पुन्हा त्यातच गुंतवला, तर 1 लाखाचे वर्षात अडीच लाख होतात. 5 वर्षांत 1 कोटी. हे खरं असतं तर त्या माणसाला माझ्या खालाच्या 3 लाखांची गरज काय होती? स्वतःचे 3 लाख घालून घरी बसला असता. चक्रवाढीचं हे सूत्र मी शाळेतच शिकलो होतो. बी.ई.ला त्याच्या दसपट अवघड गणित केलं. पण शाळेत ते परीक्षेत यायचं, घरात कधी आलं नाही. म्हणून मला कुणी 'साक्षर' म्हटलं की मी जरा गप्प होतो.

हे फक्त आमच्या घरचं नाही. 2019 च्या जूनमध्ये बेंगळुरूच्या आयएमए कंपनीचा प्रमुख मन्सूर खान देश सोडून पळाला, तेव्हा हजारो मुस्लिम कुटुंबांचे पैसे त्यात अडकले होते. तिथंही हाच शब्द होता, हलाल नफा. आणि हा फक्त आपल्या समाजाचा दोष आहे असं कुणी म्हणायला लागलं तर त्याला कोल्हापुरात घेऊन या. इथल्या ए. एस. ट्रेडर्सच्या विरोधात 2022 मध्ये गुंतवणूकदारांच्या तक्रारीवरून गुन्हा दाखल झाला. त्यात सगळ्या जातिधर्मांची माणसं होती, शिकलेली होती, नोकरदार होती. कुणाला धर्माच्या नावानं ओढतात, कुणाला पाहुण्याच्या ओळखीनं, कुणाला हॉटेलातल्या सेमिनारनं.

आता व्याजाबद्दल थोडं, कारण इथं बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरी हा प्रश्न आहे. मी मुफ्ती नाही. बँकेचं व्याज घ्यावं की नाही, हे ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं. पण व्याज नको म्हणून पैसे गादीखाली ठेवणं, किंवा जो कुणी 'हलाल' म्हणेल त्याच्या हातात देणं, याला मी दीनदारी म्हणणार नाही. बँकेत चालू खातं असतं, त्यावर व्याज मिळत नाही, पैसे मात्र बँकेत राहतात. शरियतच्या कसोट्यांवर निवडलेल्या कंपन्यांमध्ये पैसे लावणारे, सेबीकडे नोंदलेले म्युच्युअल फंड याच देशात आहेत. त्यात तोटाही होतो, हे लक्षात ठेवा. रघुराम राजन यांच्या समितीनं 2008 मध्ये व्याजविरहित बँकिंगची शिफारस केली होती. रिझर्व्ह बँकेनं 2017 मध्ये तो विषय पुढे न्यायचा नाही असं ठरवलं. मला तो निर्णय पटलेला नाही, पण तो झालाय. तेव्हा 'आम्ही हलाल बँक आहोत' असं सांगत कुणी दारात आला तर तो खोटं बोलतोय, एवढं तरी प्रत्येक घरात माहीत असायला पाहिजे.

दुसरी बाजूही आहे. सच्चर समितीनं 2006 मध्ये नोंदवलं होतं की काही बँकांनी मुस्लिम वस्त्यांचे भाग 'नकारात्मक' म्हणून ठरवले होते, म्हणजे तिथं कर्ज द्यायचं नाही. बँक दार लावून घेते तेव्हा माणूस सावकाराच्या दारात जातो. हे अज्ञान नव्हे. दोष सगळा लोकांच्या न शिकण्याचा आहे, असं मी म्हणत नाही. पण दार बंद असलेल्याला तर नियम जास्तच माहीत पाहिजेत.

मग शिकवायचं कुणी? तुम्ही म्हणाल, बँका आहेत की. रिझर्व्ह बँकेनं ग्रामीण शाखांना महिन्यातून एक आर्थिक साक्षरता शिबिर घ्यायला सांगितलेलं आहे. आता गंमत बघा. रिझर्व्ह बँकेच्या हिशेबात ग्रामीण म्हणजे 10 हजारांपेक्षा कमी वस्तीचं ठिकाण. 10 हजार ते 1 लाख म्हणजे निमशहरी. उचगाव त्या रेषेच्या पलीकडे कधीच गेलं. राज्य सरकारच्या कागदावर आपण खेडं, आपल्याकडे सरपंच आहे, ग्रामसभा आहे. बँकेच्या कागदावर आपण खेडं नाही. आणि महापालिकेचं म्हणाल तर तिची हद्द आपल्या अलीकडेच संपते. एका बाजूला हायवे, एका बाजूला गांधीनगरची कापडपेठ, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला जाणारी पोरं, भाड्यानं राहणारी बाहेरची कुटुंबं. राहणी शहराची, खर्च शहराचा, कर्जं शहराची आणि शिकवायला कुणीच नाही. हद्दवाढीवर आपण वर्षानुवर्षं भांडतोय, पाण्यावर आणि घरफाळ्यावर भांडतोय. या गोष्टीवर एकदाही कुणी भांडलेलं मी ऐकलं नाही.

शिबिरं अजिबात होत नाहीत असं नाही. तालुक्याच्या पातळीवर केंद्रं आहेत, उमेदच्या बचत गटांत शिकवलं जातं, ते काम चांगलं आहे. पण गटात नसलेल्या बाईचं काय? भाडेकरूचं काय? आणि बँकेच्या माणसाची एक अडचण असते. त्याला तासभर बोलल्यावर शेवटी फॉर्म भरून घ्यायचा असतो. एजंटचं तर विचारूच नका. ज्याला काही विकायचं नाही आणि ज्याच्याकडे गावातल्या प्रत्येक घराला कधी ना कधी जावंच लागतं, अशी जागा एकच. ग्रामपंचायत.

कायद्यात बसतं का, हा प्रश्न येईलच. 73 वी घटनादुरुस्ती 1993 पासून लागू आहे. तिच्याबरोबर आलेल्या अकराव्या परिशिष्टात पंचायतींकडे द्यायचे 29 विषय आहेत. त्यात प्रौढ आणि अनौपचारिक शिक्षण आहे, दारिद्र्य निर्मूलन आहे, महिला व बालविकास आहे. पंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. म्हणजे विषयही आहे आणि थोडा का होईना, पैसाही आहे.

आणि पंचायत म्हणजे फक्त गटार आणि दिवाबत्ती, असं ज्याला वाटतं त्यानं आपल्याच जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडकडे बघावं. मे 2022 मध्ये हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद. काही दिवसांत राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या पंचायतींना तसं करायला सांगितलं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं त्याच वर्षी संध्याकाळी 7 वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यातली पुल्लमपारा नावाची पंचायत 2022 मध्येच पूर्ण डिजिटल साक्षर म्हणून जाहीर झाली. घराघरांत जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांना मोबाइल आणि त्यावरचे व्यवहार शिकवले. यातली एकही पंचायत वरून हुकूम यायची वाट बघत बसली नव्हती.

आमच्या कोल्हापुरात तर हे सांगायलाच नको. शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुस्लिम मुलं शिकावीत म्हणून 1906 मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली, तिचं अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे घेतलं. दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग आपण येता-जाता बघतो. 'ज्याला शिकायचं तो शिकेल' असं म्हणून ते थांबले नाहीत.

आता पंचायतीनं नेमकं काय करायचं? मी भाषणवर्गांच्या विरोधात आहे. तासभराचं भाषण माणूस दारातच विसरतो. माझ्यासकट. सांगायचं ते ज्या वेळेला कामाचं असतं, त्या वेळेला सांगायला पाहिजे.

एक उदाहरण देतो, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. घरात माणूस गेला की मृत्यूची नोंद करायला आपण कुठं जातो? पंचायतीत. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला 20 रुपये आणि जीवनज्योती विमा योजनेचे 436 रुपये अनेकांच्या खात्यातून परस्पर कापले जातात. सुरक्षा विमा अपघाती मृत्यूसाठी, जीवनज्योती कोणत्याही कारणानं झालेल्या मृत्यूसाठी. दोन्हींत वारसाला 2 लाख. बँकेत फॉर्मवर सही कधी केली, हे गेलेल्या माणसालाही आठवत नसतं, घरच्यांना तर पत्ताच नसतो. आणि पत्ता नसेल तर दावा कोण करणार? आता दाखला देताना पंचायतीतल्या कारकुनानं एवढंच विचारलं, "पासबुक आणा, मे-जूनमध्ये 20 किंवा 436 रुपये कापलेत का बघू," तर एखाद्या घराला 2 लाख मिळतील. यासाठी इमारत नको, निधी नको, प्रशिक्षण अर्ध्या तासाचं. दाखल्याला एक चिठ्ठी जोडायची. मी स्वतः चिठ्ठी लिहून, छापून द्यायला तयार आहे.

दुसरं, फळा. पंचायतीच्या बाहेर फळा असतो, त्यावर पाणीपट्टी भरा असं लिहिलेलं असतं. त्यावर हे लिहा. मायक्रोफायनान्सच्या कर्जाला तारण मागता येत नाही. वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 च्या नंतर फोन करून छळता येत नाही. घरातल्या सगळ्या कर्जांचा महिन्याचा हप्ता घराच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नये. कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, एप्रिल 2022 पासून लागू आहे. आमच्या गल्लीतल्या एका ताईच्या दारात रात्री साडेआठला वसुलीवाला बसून राहायचा. शेजारी खिडकीतून बघायचे. तिला वाटायचं चूक तिची आहे, कारण हप्ता चुकला होता. हप्ता चुकला होता हे खरं. पण साडेआठला दारात बसणं ही त्याची चूक होती आणि हे तिला सांगणारं गल्लीत एक माणूस नव्हतं. मी होतो, मलाही माहीत नव्हतं.

त्याच फळ्यावर लिहा, की बँकेतली ठेव बुडाली तर एका बँकेत एका माणसाला 5 लाखांपर्यंत विमा आहे, पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, तिथल्या ठेवीला हा विमा नाही. आपल्याकडे चौकाचौकांत पतसंस्था आहेत, बऱ्याच चांगल्या चालल्यात. पण फरक माहीत असू दे. सावकाराला परवाना लागतो, 2014 चा कायदा आहे, तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे होते. ऑनलाइन फसवणूक झाली तर लगेच 1930 ला फोन. लगेच म्हणजे नातेवाइकांना सांगून झाल्यावर नव्हे, त्याआधी.

'12 टक्क्यांनी कर्ज' या शब्दांचा अर्थही फळ्यावर येऊ दे. 50 हजार घेतले, 2 वर्षांसाठी, 12 टक्के सरळ दरानं. व्याज 12 हजार, हप्ता 2,583 रुपये. ऐकायला ठीक वाटतं. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण 50 हजारांवर मोजलं जातं. खरा दर जातो साडेएकवीस टक्क्यांच्या घरात. हे मला कुणी विचारलं तर दोन मिनिटांत काढून देतो. पण दुकानात हप्त्यावर मोबाइल घेताना मीच कधी विचारलं नव्हतं.

तिसरी गोष्ट जरा अवघड आहे, कारण ती माणसांना झोंबणारी आहे. अशा योजनांचं ऑफिस उघडतं तेव्हा फीत कोण कापतं? फ्लेक्सवर फोटो कुणाचे असतात? गावातल्या पुढाऱ्यांचे. कधी सरपंच, कधी सदस्य, आपल्याकडे कधी जमातचे जबाबदार. त्यांच्या मनात पाप असतं असं नाही, बोलावलं की जातात. पण लोक फोटो बघून पैसे टाकतात. ग्रामसभेनं ठराव करावा, की ठेवी किंवा गुंतवणूक घेणाऱ्या कुणाचंही उद्घाटन करण्याआधी पदाधिकाऱ्यांनी रिझर्व्ह बँकेचा, सेबीचा किंवा सहकार खात्याचा नोंदणी क्रमांक मागायचा. ना हरकत दाखला मागायला आला तरी हाच प्रश्न. रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर अशा कंपन्या तपासता येतात आणि तक्रारही करता येते. गावातल्या दोन पोरांनी पाच मिनिटांत करायचं काम आहे.

कुणी म्हणेल, पंचायतीतच एखाद्याची पतसंस्था असेल, एखाद्याचा भाऊ व्याजानं पैसे देत असेल, ते कसे शिकवतील? बरोबर आहे. म्हणूनच मी म्हणतोय की पंचायतीनं सल्ला देऊच नये. अमुक ठिकाणी पैसे ठेवा, तमुक फंड घ्या, हे तिच्या तोंडून कधीच येता कामा नये. तिनं फक्त नियम सांगावेत. फळ्यावर लिहिलेला नियम सरपंचाच्या भावालाही लागू असतो.

भिशीचं नाव घेतलं नाही म्हणून बायका रागावतील. आपल्या कोल्हापुरात भिशी म्हणजे कुणासाठी रस्सा-मंडळ, कुणासाठी पैशाची साठवण. दहा-बारा ओळखीच्या बायका महिन्याला हजार-हजार घालतात, त्यात मला काही वाईट दिसत नाही. व्याजाचाही प्रश्न येत नाही. आमची अम्मी त्यातूनच माझी पहिल्या वर्षाची फी भरू शकली. फक्त वही ठेवा आणि प्रत्येक महिन्याला सगळ्यांच्या सह्या घ्या. भिशीतल्या माणसांना तुम्ही चेहऱ्यानं ओळखत नसाल तर ती भिशी नव्हे.

राहिली शेवटची गोष्ट. पैशाचा हिशेब शिकायला गावाचाच हिशेब घ्या. पंचायतीचा जमाखर्च ग्रामसभेपुढं ठेवावा लागतो. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर आपल्या पंचायतीचा आराखडा आणि खर्च मोबाइलवर दिसतो. घरफाळा किती जमला, महिला-बालकल्याणाचे 10 टक्के कुठं गेले, हे एकदा विचारून बघा. सुरुवातीला काही कळणार नाही, मलाही कळलं नव्हतं. जमा कुठली, खर्च कुठला, शिल्लक पुढं कशी ओढली, हे एकदा समजलं की पासबुक आणि कर्जाचा कागद वाचायची भीती जाते. आणि मुस्लिम मोहल्ल्यातली पोरं ग्रामसभेत रस्त्याच्या आणि कब्रस्तानच्या भिंतीच्या पलीकडे, अख्ख्या गावाच्या हिशेबावर बोलायला उठली, तर ते मला बघायचं आहे.

ग्रामसभा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरच्या आसपास असतात. त्याच्या आधी महिला सभा घ्यावी लागते. तिची नोटीस बहुतेक वेळा कुणी वाचत नाही, ती वाचा आणि घरातल्या बायकांना घेऊन जा. ग्रामसेवकांना, आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, द्यायच्या अर्जाचा मसुदा मी आणलाय. त्यात तीनच मागण्या आहेत. मृत्यूच्या दाखल्यासोबत विम्याची चिठ्ठी, बाहेरच्या फळ्यावर नियम आणि नोंदणी क्रमांक विचारण्याचा ठराव. भाषा बदलायची असेल तर बदला, मी कोड लिहिणारा माणूस, अर्जाची भाषा माझी कच्ची आहे. सह्यांचा कागद दाराजवळच्या टेबलावर आहे. खाला तिथंच बसलीय, तिची सही झालीय. कर्जाच्या कागदाबद्दल कुणाला काही दाखवायचं असेल तर मी रात्रीपर्यंत इथं आहे. पुण्याची गाडी उद्या सकाळची आहे.